करड्या छायाचित्रातील सात कण

माझे थोरले बंधू कापडाचे व्यापारी होते. नागपूरच्या इतवारीतील वडिलोपार्जित पेढी त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे सांभाळली. मी एम.कॉम. होऊन बँकेत शिरलो आणि घरच्या व्यवसायापासून दूर गेलो. त्यांना ते रुचले नसावे, पण तसे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. दादांचा एक नियम होता. कापड चिमटीत धरून, उजेडाकडे करून, कडेचा एखादा धागा उसवून पाहिल्याखेरीज ते एकही तागा खरेदी करीत नसत. दलालाच्या शब्दावर किंवा छापील लेबलावर त्यांचा भरवसा नसे.

मार्च २०२० च्या अखेरीस, टाळेबंदी लागून थोडेच दिवस झाले असताना, माझ्या पुतण्याने मोबाइलवर एक छायाचित्र आणून दाखवले. भारतातील पहिल्या कोरोना रुग्णाच्या घशातील नमुन्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ते टिपलेले होते. करड्या पार्श्वभूमीवर एक फिकट, किंचित वेडावाकडा गोल आणि त्याच्या कडेला अस्पष्टशी टोके. दादांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "अरे, हे तर डाग दिसून राहिले! बँकेत असताना अशा कागदावर तू कुणाला कर्ज दिलं असतं काय?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण उत्तर मला सुचले नव्हते.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, दादा गेले. ते निष्काळजी नव्हते. घरच्यांच्या आग्रहाखातर मुखपट्टी बांधत, दुकानही सांगितले तितके दिवस बंद ठेवले. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे भय बाळगणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. त्यांचे अंत्यदर्शन आम्हाला दूर उभे राहून, प्लॅस्टिकच्या आवरणातून घडले. त्यांचा तो प्रश्न मात्र माझ्याकडे थकीत राहिला. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो. जमेल तसे वाचले, जाणकारांना विचारले, एके ठिकाणी ते यंत्र प्रत्यक्षही पाहिले. विज्ञान हा माझा विषय नव्हे; हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या नजरेने जे समजले तेवढेच येथे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. कोरोना म्हटले की तांबड्या टोकांचा, राखाडी रंगाचा जो चेंडू आपल्या डोळ्यांसमोर येतो, ते छायाचित्र नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील ॲलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन वैद्यकीय चित्रकारांनी जानेवारी २०२० मध्ये संगणकावर तयार केलेले ते चित्र आहे. आकार शास्त्रीय माहितीवर बेतलेला, पण तांबडा रंग त्यांनी निवडलेला. इतक्या लहान वस्तूला आपल्या अर्थाने रंग असूच शकत नाही, कारण रंग हा प्रकाशाचा गुण आणि ही वस्तू प्रकाशाच्या पकडीत येत नाही. म्हणजे जे चित्र सर्वांना पटले ते काढलेले होते आणि जे खरे टिपलेले होते ते दादांना डाग वाटले. यात दादांचा दोष काय?

आता मापांकडे वळू. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन, आणि एका मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले की एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० ते ८० मायक्रॉन जाडीचा. पुण्याच्या छायाचित्रातील तो विषाणू ७५ नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे हजार विषाणू खांद्याला खांदा लावून उभे राहतील. तो विषाणू फुगवून तिळाएवढा केला, तर त्याच प्रमाणात केस तीन मीटर जाड होईल आणि रुपयाच्या नाण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला पाऊण किलोमीटरहून अधिक चालावे लागेल.

अशी वस्तू शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून का दिसत नाही? भिंगे आणखी चांगली घासली, एकावर एक बसवली, तर? व्यापारी माणसाला हे एका उदाहरणाने चटकन समजेल. धर्मकाट्यावर ट्रक तोलता येतो, धान्याची पोती तोलता येतात. पण त्याच काट्यावर कुणी सोन्याची अंगठी ठेवली तर काटा हलतसुद्धा नाही. काटा खोटा नसतो. त्याचे लहानात लहान मापच अंगठीहून मोठे असते. प्रकाशाचेही तसेच. प्रकाश तरंगांनी चालतो आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगाची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. हिरव्या प्रकाशाच्या एका तरंगात आपले सात विषाणू ओळीने मावतील. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की, भिंग कितीही निर्दोष असले तरी तरंगाच्या सुमारे निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशाला वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणजे साधारण २०० नॅनोमीटरला सीमा आली. जिवाणू या सीमेच्या अलीकडे राहतात, म्हणून ते दिसतात. बहुतेक विषाणू पलीकडे राहतात.

तेव्हा बारीक वस्तू तोलायची तर सराफाचा काटा हवा. तो कोठून मिळाला याची कथा मोठी रंजक आहे. १९२४ मध्ये लुई द ब्रॉग्ली या फ्रेंच तरुणाने आपल्या प्रबंधात असे मांडले की, इलेक्ट्रॉन हा विजेचा सूक्ष्म कण असला तरी तोही तरंगासारखा वागतो आणि त्याचा वेग जितका वाढवावा तितका हा तरंग आखूड होतो. एक लाख व्होल्टच्या दाबाने त्याला पळवले तर तरंगाची लांबी सुमारे ०.००३७ नॅनोमीटर होते. प्रकाशाच्या तरंगाहून हे माप लाखापेक्षाही अधिक पट लहान. (आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते, एवढे ध्यानात घ्यावे.) पुढे १९२६ मध्ये हान्स बुश यांनी दाखवले की, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली असता जे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते ते इलेक्ट्रॉनांच्या झोताला एकत्र आणते, जसे काचेचे भिंग उन्हाला एका ठिपक्यावर आणते. काटा मिळाला, भिंगही मिळाले.

ती दोन्ही जुळवून यंत्र उभे केले बर्लिनच्या तंत्रविद्यालयात, माक्स क्नोल आणि त्यांचे विद्यार्थी अर्न्स्ट रुस्का यांनी, १९३१ मध्ये. त्या पहिल्या यंत्राने वस्तू जेमतेम १७ पट मोठी दिसे. घरातले हातभिंग परवडले! पण तत्त्व सिद्ध झाले होते. १९३३ मध्ये रुस्कांनी जे दुसरे यंत्र बांधले त्याने प्रकाशाची सीमा ओलांडली. तरीही लोकांना विश्वास नव्हता. आक्षेप रास्तच होता: निर्वात नळीत, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली, सजीव पदार्थ जळून कोळसा होईल, मग पाहणार काय? या ठिकाणी रुस्कांच्या मदतीला त्यांचे धाकटे बंधू हेल्मुट आले. ते डॉक्टर होते. हे यंत्र वैद्यकाला उपयोगी पडेल हे त्यांनी जिद्दीने पटवून दिले, सीमेन्स कंपनीने पैसा घातला, १९३९ मध्ये विक्रीचे यंत्र तयार झाले आणि त्याच वर्षी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूची छायाचित्रे हेल्मुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तोपर्यंत विषाणू म्हणजे केवळ परिणामावरून ओळखले जाणारे काहीतरी होते. एक भाऊ यंत्र करतो आणि दुसरा त्याला गिऱ्हाईक मिळवून देतो, हे आपल्याकडच्या पेढ्यांना नवीन नाही. अर्न्स्ट रुस्कांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, पहिल्या यंत्रानंतर ५५ वर्षांनी. इतक्या मुदतीची ठेव आमच्या बँकेत कुणी ठेवली नाही. क्नोल तोवर हयात नव्हते.

भारतात हे यंत्र प्रथम उभे राहिले कोलकात्यात, मेघनाद साहांच्या प्रेरणेने. ते काम नीरजनाथ दासगुप्ता यांनी केले. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ते स्थापन केले आणि १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली तेव्हा, १९५७ मध्ये, त्या रोगाचा विषाणू याच केंद्राने शोधून काढला. म्हणजे २०२० साली पुण्यात जे घडले त्यामागे जुनी परंपरा होती.

काय घडले ते पाहू. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये देशातील पहिला रुग्ण निश्चित झाला. त्याच्या घशातील नमुना पुण्यात होता. डॉ. अतनू बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील जेमतेम अर्धा मिलिलिटर द्रव घेतला. औषधी द्रवाने त्यातील विषाणू निष्प्राण आणि स्थिर केले. मग तांब्याच्या एका इवल्याशा जाळीवर तो चढवला. ही जाळी म्हणजे आकाराने शर्टाच्या गुंडीहून लहान अशी चकती; तिच्यावर कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यावर नमुना बसतो. इथे एक अडचण येते. विषाणू मुख्यतः हलक्या अणूंचा बनलेला असल्याने इलेक्ट्रॉन त्याच्यातून फारसे न अडता निघून जातात. पडद्यावर काही उमटत नाही. यावर १९५९ मध्ये ब्रेनर आणि हॉर्न यांनी रूढ केलेला उपाय असा की, टंगस्टनसारख्या जड धातूच्या क्षाराचे पाणी नमुन्यावर फिरवायचे. ते विषाणूच्या भोवती, त्याच्या खाचाखोचांत साचते आणि वाळते. इलेक्ट्रॉन त्या जड धातूवर अडतात, विषाणूतून मात्र पार होतात. दिवाळीत लहान मुले हात कागदावर ठेवून त्याभोवती रंग उडवतात आणि हात उचलला की पांढरा पंजा शिल्लक राहतो, तसेच हे आहे. दादांना दिसलेला फिकट गोल हा विषाणूचा उरलेला ठसा होता आणि भोवतीची करडी छटा ही धातूची.

मग ही चकती यंत्राच्या उंच नळकांड्यात जाते. आतील हवा पंपांनी काढून घेतलेली असते, कारण हवेचे कण वाटेत आले तर इलेक्ट्रॉन विखुरतात. वर तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, एक लाख व्होल्टच्या दाबाने खाली धावतात, चुंबकीय वेटोळी त्यांना आवरतात, चकतीतून ते आरपार जातात आणि खाली त्यांची सावली पडते. ती सावली म्हणजेच छायाचित्र. आपल्या भाषेतला छायाचित्र हा शब्द या ठिकाणी अक्षरशः खरा ठरतो.

पाहणाऱ्याने मग जाळीचे एकेक घर सावकाश तपासायचे. पुण्याच्या चमूला तपासलेल्या भागात कोरोनाची लक्षणे दाखवणारे कण किती सापडले? सात. केवळ सात. गोल, सरासरी ७० ते ८० नॅनोमीटरचे, पृष्ठभागावर सुमारे १५ नॅनोमीटर लांबीची टोके असलेले. त्यांतील एक, ७५ नॅनोमीटरचा, विशेष चांगल्या अवस्थेत होता. मार्च २०२० मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात ही छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि पुतण्याच्या मोबाइलवर पोहोचली ती हीच.

आता दादांच्या प्रश्नाकडे येतो. अशा कागदावर कर्ज दिले असते काय?

नुसत्या त्या कागदावर दिले नसते. या यंत्राची सावली आकार सांगते, नाव सांगत नाही. साध्या सर्दीचा कोरोना आणि हा नवा कोरोना केवळ सावलीवरून वेगळे ओळखता येत नाहीत. परंतु संस्थेजवळ दुसरा कागद होता. ज्या नमुन्यातून हे सात कण मिळाले तोच नमुना आधी जनुकीय चाचणीत या विषाणूचा ठरलेला होता. बँकेत आम्ही मालतारण कर्ज देताना साठ्याचे विवरणपत्र घेत असू आणि मग गोदामात जाऊन पोती मोजत असू. विवरणपत्र सांगते की गोदामात तूर आहे. गोदामात गेल्यावर कळते की पोती आहेत, इतकी आहेत, आणि त्यांत भुसा भरलेला नाही. एकावर विसंबून कर्ज देणारा अधिकारी अडचणीत येतो. दोन्ही जुळली तर सही करायला हरकत नसते. मी सही केली असती, दादा. हे मला त्या दिवशी सांगता आले असते तर बरे झाले असते.

दादांची शंका तज्ज्ञांनाही आली होती, हे वाचून मला काहीसे समाधान वाटले. कोरोना कुळातील मानवी विषाणू सर्वप्रथम पाहिला तो १९६० च्या दशकात लंडनमध्ये जून अल्मेडा या स्त्रीने. ग्लासगोच्या एका बसचालकाची ही मुलगी. पैशाअभावी सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागली. पुढे कॅनडात तिने हे यंत्र हाताळण्यात असे कौशल्य मिळवले की, लंडनच्या डॉक्टरांनी तिला परत बोलावून घेतले. डेव्हिड टिरेल यांनी सर्दीच्या रुग्णाचा एक नमुना तिच्याकडे पाठवला. त्यात तिला भोवती प्रभा असलेले कण दिसले. तिच्या लेखाला परीक्षकांनी नकार दिला; ही तर फ्लूच्या विषाणूची वाईट छायाचित्रे आहेत, असा त्यांचा अभिप्राय होता. डागच म्हणाले की तेही! नंतर ते काम मान्य झाले आणि १९६८ मध्ये तिच्यासह आठ शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकातून कोरोना हे नाव सुचवले. आपल्याकडे त्याचा अर्थ सर्रास मुकुट असा सांगितला जातो. मूळ टिपणात मात्र उपमा सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाची आहे, खग्रास ग्रहणात दिसणाऱ्या.

सावली पाडणाऱ्या या यंत्राचे एक भावंड आहे, त्याचे नाव स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. नागपूरकरांना ते पाहायला पुण्याला जावे लागत नाही. व्हीएनआयटीच्या धातुशास्त्र विभागात ते आहे. यात इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत वस्तूच्या आरपार जात नाही. तो तिच्या पृष्ठभागावरून ओळीने फिरतो, शेत नांगरावे तसा, आणि प्रत्येक बिंदूवरून उसळून येणारे इलेक्ट्रॉन मोजून संगणक चित्र उभे करतो. त्यामुळे चढउतार स्पष्ट दिसतात. शिवाय झोत आदळला की वस्तूतील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक शक्तीचे क्ष-किरण सोडते. ते मोजले की तांबे किती, जस्त किती, चांदी किती हे कळते. सराफ्यात टंच काढण्याचे जे यंत्र आता ठेवतात त्याचेही तत्त्व हेच. तिथे फक्त इलेक्ट्रॉनांऐवजी क्ष-किरणच सोडलेले असतात.

या यंत्राशी माझी पहिली गाठ बँकेतच पडली होती, हे मी पुढे विसरून गेलो होतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो. आमच्या एका खातेदाराच्या डाळमिलचा मुख्य शाफ्ट तुटला. नवीन यंत्र, आमचेच मुदत कर्ज. पुरवठादार म्हणे, मालकाने क्षमतेहून अधिक माल घातला. मालक म्हणे, शाफ्टच सदोष. हप्ते थांबले, खाते बिघडण्याच्या वाटेवर आले. कुणीतरी सुचवले म्हणून तुटलेला तुकडा तपासणीसाठी एका अभियांत्रिकी संस्थेत पाठवला. अहवालासोबत काही करडी छायाचित्रे आली. अंबाझरीचे पाणी उन्हाळ्यात उतरत जाते तेव्हा काठावर एकाखाली एक रेघा उमटतात ना, तशा समांतर सूक्ष्म रेघा तुटलेल्या पृष्ठभागावर होत्या. प्राध्यापकांनी समजावले की, एकाच झटक्याच्या भाराने असा धातू तुटला असता तर पृष्ठभागावर छोट्या वाट्यांसारखे खळगे दिसले असते. या रेघांचा अर्थ असा की, चीर फिरण्याच्या प्रत्येक ताणाबरोबर थोडी थोडी पुढे सरकत गेली. रेघांचा माग काढत गेल्यावर मूळ सापडले ते चावी बसवण्याच्या खाचेच्या कोपऱ्यात. तो कोपरा गोलसर न ठेवता काटकोनात कापलेला होता. पुरवठादाराने काही बोलणी करून नवा शाफ्ट दिला, मिल सुरू झाली, खाते वाचले. त्या फाइलवर शेरा लिहिताना मी यंत्राचे नावही चुकीचे लिहिले होते.

आपल्या घरांशी अधिक जवळचे उदाहरण बांगलादेशातले आहे. तेथील खेड्यांत तळ्याच्या पाण्यातून पटकी पसरे. अमेरिकेच्या रीटा कॉलवेल यांच्या गटाने स्त्रियांना पाणी जुन्या सुती साडीच्या कापडातून गाळून घेण्यास शिकवले. घडी किती पदरी असावी हे ठरवताना त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा आधार घेतला. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची चार ते आठ पदरी घडी केली की तिची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची होतात, असे आढळले. पटकीचा जिवाणू सुटा असेल तर एवढ्या छिद्रातून सहज जातो. पण पाण्यात तो बहुधा सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो आणि ते जलचर या घडीत अडकतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गाळून पाणी वापरणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पाणी गाळून पिण्याचा संस्कार जपणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे वाचून आनंद होईल. सोबत हेही ध्यानी असावे की, त्याच २० मायक्रॉनच्या छिद्रातून कोरोनासारखे अडीचशेहून अधिक विषाणू हातात हात घालून जाऊ शकतात. कापड जे अडवते ते अडवते, जे अडवत नाही ते नाही. यावरून आपल्या शास्त्रग्रंथांतील सूक्ष्म जीवांचे वर्णन आणि सूक्ष्मदर्शकाची मापे यांची जोडणी करण्याचा मोह अनेकांना होतो. व्याख्यानांतून तसे ऐकलेही आहे. मी त्या वाटेला जात नाही. ग्रंथांचा हेतू वेगळा, या मोजमापाचा वेगळा, आणि दोन निराळ्या खात्यांतील रकमा एकत्र मिळवल्या तर दोन्ही खाती चुकतात.

या यंत्राची मोठी उणीव सांगितल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही. ते जिवंत काही दाखवू शकत नाही. नमुना निर्वातात ठेवायचा, म्हणून आधी वाळवायचा. सावली पडावी म्हणून धातूने माखायचा. आपण पाहतो तो जिवाचा एक थांबलेला क्षण, तोही बदललेल्या रूपात. यातून काही प्रमाणात वाट काढली ती नमुन्याला क्षणार्धात गोठवण्याच्या पद्धतीने. पाणी इतक्या वेगाने थंड करायचे की त्याचा स्फटिक बनायला सवडच मिळू नये. ते काचेसारखे घट्ट होते आणि आतील रेणू मूळ आकारात राहतो. या कामासाठी दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना २०१७ चे नोबेल मिळाले. याच पद्धतीने फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे साथ भारतात पसरण्यापूर्वीच, अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कोरोनाच्या त्या टोकाचा आकार जवळजवळ अणूंच्या पातळीवर उलगडला. अनेक लसींची आखणी त्या टोकावरच झाली. दादांना पहिली मात्रा मिळायची होती. वहिनींनी नावही नोंदवले होते.

गेल्या वर्षी पेढीचे जुने दप्तर आवरताना दादांची नमुन्यांची एक वही हाती आली. प्रत्येक पानावर कापडाचे बोटभर तुकडे डकवलेले आणि खाली त्यांच्या अक्षरात भाव आणि शेरा. एका तुकड्याखाली लिहिले होते, 'शुद्ध सुती, गिरणीवाला मिश्र सांगतो'. गिरणीवाला आपल्याच मालाला हलका सांगेल कशाला, असे वाटेल. त्या काळी मिश्र कापडाला भाव अधिक मिळे. परिचयातील एका प्राध्यापकांच्या सौजन्याने तो तुकडा स्कॅनिंग यंत्राखाली ठेवण्याची संधी मिळाली. कापडातून वीज वाहत नाही, म्हणून आधी त्यावर सोन्याचा मुलामा चढवावा लागतो. जाडी काही नॅनोमीटर, किंमत नगण्य. तरी दादांच्या दुकानातील साध्या कापडाला सोने लागलेले पाहून पुतण्या हसला.

मग पडद्यावर धागे उमटले. पॉलिएस्टरचा तंतू काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत आणि सरळ असतो, हे आम्हाला आधी दुसऱ्या एका कापडात दाखवण्यात आले होते. कापसाचा तंतू वाळताना चपटा होतो आणि स्वतःभोवती वळतो, पीळ दिलेल्या फितीसारखा. दादांच्या तुकड्यातील धागे प्राध्यापकांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून दाखवले. सगळ्या पिळाच्या फिती. कांडी एकही नाही.

पुतण्याने त्या पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर घेतले आणि नमुन्याच्या वहीत, त्याच पानावर, ते छापून डकवले आहे.